११३ किलोमीटर, दमट उकाडा आणि साडेआठ तास : नारायणगडच्या पोराला ‘आयर्नमॅन’ व्हायचं असेल तर काय लागतं?

दिवाळीच्या आगेमागे फीडवर एक फोटो हमखास दिसतो. गळ्यात मेडल, अंगावर मिठाचे पांढरे डाग, चेहरा काळवंडलेला आणि खाली कॅप्शन, ‘जिद्द असेल तर काहीही शक्य आहे.’ गोव्यातल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या शर्यतीचा हा फोटो असतो. ९ नोव्हेंबर २०२५ ला भाजपचे के. अण्णामलाई आणि खासदार तेजस्वी सूर्या यांनी ही शर्यत पूर्ण केली, पंतप्रधानांनी कौतुकाची पोस्ट टाकली आणि या शर्यतीचं नाव ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं त्यांच्याही मोबाईलवर ते पोहोचलं.

मग कमेंटमध्ये एक प्रश्न येतोच. हे फक्त मोठ्या शहरातल्या, पैसेवाल्या लोकांचं काम आहे का? बीड जिल्ह्यातल्या नारायणगडासारख्या ठिकाणच्या पोराला हे जमेल का? तिथे उन्हाची सवय आहे, कष्टाची सवय आहे, आषाढीला पंढरपूरपर्यंत चालत जाण्याची परंपरा आहे. धाकटी पंढरी म्हणतात त्या गडाला. मग अडतं कुठे?

उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं सोपं नाही. त्यासाठी आधी ही शर्यत समजून घ्यावी लागेल.

हे नेमकं असतं काय?

ट्रायथलॉन म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं, सलग, मध्ये विश्रांती न घेता. कपडे-बूट बदलायला लागणारा वेळसुद्धा घड्याळात मोजला जातो.

पूर्ण आयर्नमॅनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटरची मॅरेथॉन असते. बेरीज २२६ किलोमीटर. बीडहून पुणे रस्त्याने जेवढं लांब आहे, जवळपास तेवढं. गोव्यात होते ती याच्या बरोबर निम्मी. १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. मैलात बेरीज ७०.३ होते, म्हणून नाव ७०.३.

सुरुवात झाली हवाईमध्ये, १८ फेब्रुवारी १९७८ ला. सगळ्यात तंदुरुस्त कोण, पोहणारे, सायकलवाले की धावणारे, असा वाद रंगला होता. अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी यांनी तिथल्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरं एकत्र जोडली. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली.

महाराष्ट्राला या नावाची खरी ओळख झाली ती २०१५ मध्ये. मिलिंद सोमण यांनी पन्नाशी गाठताना झुरिचची पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत संपवली. २०१७ मध्ये आयपीएस अधिकारी कृष्ण प्रकाश यांनी फ्रान्समध्ये ती पूर्ण केली. पुण्याचे प्रशिक्षक कौस्तुभ राडकर तर त्याच्याही कितीतरी आधीपासून या खेळात आहेत. नाशिकच्या अभिनेत्री सैयामी खेर यांनी २०२४ मध्ये जर्मनीत ७०.३ पूर्ण केली.

यातला एक तपशील कॅप्शनमध्ये येत नाही. सोमण आणि राडकर हे दोघंही मुळात राष्ट्रीय पातळीवरचे जलतरणपटू होते. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

गोव्याची शर्यत अवघड का?

२० ऑक्टोबर २०१९ ला मिरामारच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा ही शर्यत झाली आणि सेनादलाचा बिश्वोरजीत सैखोम जिंकला. अंतर जगभर सारखंच असतं, पण हवा सारखी नसते.

पहिली अडचण पाण्याची. थंड देशांत स्पर्धक वेटसूट घालतात. तो ऊब देतो आणि शरीर तरंगतंही ठेवतो. कच्च्या पोहणाऱ्याला त्याचा मोठा आधार. पण पाणी साधारण २४.५ अंशांपेक्षा गरम असेल तर हौशी स्पर्धकांना वेटसूट घालून क्रमवारीत राहता येत नाही. गोव्याचा समुद्र त्यापेक्षा गरमच असतो. म्हणजे तो आधार गेला.

दुसरी अडचण दमटपणाची. माणसाचं शरीर घामाने थंड होतं, पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. बीडच्या कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो. गोव्यात हवेतच इतकी वाफ असते की घाम अंगावरून ओघळून खाली पडतो. पाणी जातं, मीठ जातं, पण अंग थंड होत नाही.

तिसरी अडचण वेळापत्रकाची. पोहणं सकाळी लवकर होतं, सायकलही बऱ्यापैकी निभावते. पण सामान्य स्पर्धक धावायला लागतो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं. सगळ्यात जास्त उष्णता तयार करणारं काम दिवसाच्या सगळ्यात वाईट वेळी.

साडेआठ तासांचं गणित

७०.३ ला साधारण साडेआठ तासांची मर्यादा असते. पोहण्याला १ तास १० मिनिटं. त्यापेक्षा उशीर झाला की तिथेच बाहेर.

समजा, एखाद्याने एका तासात पोहणं संपवलं. बदलाबदलीत १० मिनिटं गेली. सायकल ताशी साडेबावीस किलोमीटरने चालवली, म्हणजे ४ तास. उरले ३ तास २० मिनिटं. २१.१ किलोमीटरसाठी याचा अर्थ किलोमीटरला साधारण साडेनऊ मिनिटं. ऐकायला निवांत वाटतं. पण सायकलवर जोर लावून अंग तापलं असेल आणि शेवटी चालावं लागलं, तर किलोमीटरला ११ मिनिटं सहज लागतात. मग धावण्यालाच ३ तास ५२ मिनिटं. अर्ध्या तासाने शर्यत हुकली.

२०२४ मध्ये तेजस्वी सूर्या यांनी गोव्यात ८ तास २७ मिनिटं ३२ सेकंद घेतले होते. हातात अडीच मिनिटंसुद्धा उरली नव्हती. पाण्याच्या टेबलावर दोनदा जास्त थांबले असते तरी मेडल गेलं असतं.

‘जिद्द’ कुठे संपते?

११ ऑक्टोबर २०२५ ला हवाईतल्या कोना इथे महिलांची जागतिक अजिंक्यपद शर्यत झाली. ब्रिटनची लुसी चार्ल्स-बार्कले आणि अमेरिकेची टेलर निब, दोघीही जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी. उकाडा प्रचंड होता. लुसी धावताना मध्येच थांबली आणि शर्यतीतून बाहेर पडली. मग आघाडीवर असलेली निब शेवटचे काही किलोमीटर उरले असताना रस्त्याच्या कडेला बसली आणि उठू शकली नाही. जिंकली नॉर्वेची सोलवेग लोवसेथ.

या दोघींकडे जिद्द कमी होती, असं कुणी म्हणू शकेल का?

शरीराचं आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. व्यायामात ते वाढतं, तेवढं चालतं. पण ४० च्या वर गेलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या द्यायला लागला, तर तो उष्माघात असतो. मेंदूच बिघडल्यामुळे त्या माणसाला स्वतःला काही होतंय हेच कळत नाही. तो ‘मी ठीक आहे’ म्हणत राहतो. अशा वेळी टाळ्या वाजवून ‘थोडंच राहिलंय’ म्हणणारे त्याला मदत करत नसतात. डॉक्टरांचा नियम स्पष्ट आहे, आधी थंड करा, मग हॉस्पिटलला हलवा. बर्फाच्या पाण्यात बसवणं हा सगळ्यात जलद उपाय. ते नसेल तर सावली, अंगावर भरपूर पाणी आणि वारा.

दुसरी चूक उलटी असते. ‘भरपूर पाणी प्या’ हे ऐकून लोक तहान नसताना लिटरवर लिटर रिचवतात. त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ आणि टोकाला गेलं तर झटके. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्के जणांचं सोडियम कमी निघालं होतं. म्हणून अनुभवी लोक तासाभराच्या सरावाआधी आणि सरावानंतर वजन करून स्वतःचा घाम किती जातो ते मोजतात आणि त्या हिशोबाने पाणी-मीठ ठरवतात.

सगळ्यात धोक्याचा भाग कोणता?

बहुतेकांना वाटतं, शेवटचं धावणं. आकडे वेगळं सांगतात. अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या घटना डॉक्टरांनी तपासल्या. एकूण १३५ निघाल्या आणि त्यातल्या ९० पोहताना घडल्या होत्या. प्रमाण लाख स्पर्धकांमागे दोनपेक्षा कमी, म्हणजे खेळ जीवघेणा आहे असं नाही. पण यातले ८५ टक्के पुरुष होते, सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास आणि शवविच्छेदन झालेल्यांपैकी बऱ्याच जणांना हृदयाचा त्रास आधीपासून होता. चाळिशीत अचानक ‘ट्रान्सफॉर्मेशन’ करायला निघालेल्यांनी ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट का करायची, त्याचं उत्तर यात आहे.

आता पुन्हा नारायणगडाकडे

बीडच्या पोराकडे काय आहे? पहिली गोष्ट, उन्हाची सवय. ही नुसती बोलायची गोष्ट नाही, ती शरीरात दिसते. रोज उन्हात कष्ट केले की १० ते १४ दिवसांत रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, नाडी कमी धडधडते. थंड देशातले खेळाडू हेच मिळवायला पैसे खर्चून गरम खोलीत सायकल मारतात. अर्थात, कोरड्या उन्हाची सवय दमट हवेत काही प्रमाणातच कामाला येते आणि एसीत राहिलं की काही आठवड्यांत निघूनही जाते.

दुसरी गोष्ट, पाय. अविनाश साबळे याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. लहानपणी शाळेसाठी मैलोन्‌मैल पायपीट, मग लष्कर, मग २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्य आणि २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. धावायला रस्ता लागतो आणि तो बीडमध्ये आहे.

नाही ते पाणी. इथली पोरं पोहायला शिकतात ती विहिरीत, पाठीला डबा बांधून. ते पोहणं जीव वाचवण्यापुरतं असतं. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं म्हणजे लाटेत मान वर काढून दिशा बघायची, शेजारच्याचे पाय तोंडावर लागले तरी श्वासाची लय सोडायची नाही. ते शिकायला वर्षभर पाणी आणि शेजारी प्रशिक्षक लागतो. मराठवाड्यात दुष्काळी वर्षी उन्हाळा तोंडावर आला की विहिरींचा तळ दिसतो. ज्या जिल्ह्यात प्यायला टँकर लागतो तिथे पोहण्याच्या तलावासाठी पाणी मागायचं कुणाकडे? तलाव-धरणात एकट्याने सराव करणं हा पर्याय नाही, तो धोका आहे.

आणि नाही ती सायकल. बऱ्या रेसिंग सायकलची किंमत लाखाच्या घरात जाते. वर प्रवेश फी, प्रवास, मुक्काम. ऊसतोडीवर घर चालणाऱ्या कुटुंबात हा खर्च बसत नाही. म्हणूनच या खेळात नाव दिसतं ते डॉक्टर, पोलीस अधिकारी, उद्योजक यांचं. आणि सैन्यदलाचं, कारण तिथे तलाव, सायकल आणि प्रशिक्षक सरकार देतं. साबळेलाही लष्करानेच घडवलं.

म्हणजे ‘बीडचा पोरगा आयर्नमॅन का होत नाही’ याचं उत्तर जिद्दीत शोधलं तर सापडणार नाही. तालुक्याला एक चालू स्थितीतला तलाव आणि एक प्रशिक्षक असेल तर चित्र बदलेल, हे मात्र नक्की.

मग सुरुवात कुठून?

पोहण्यापासून. धावणं दोन महिन्यांत सुधारतं, पोहण्याला वर्ष द्यावं लागतं. थेट ७०.३ च्या मागे न लागता आधी ७५० मीटर, २० किलोमीटर, ५ किलोमीटरची छोटी ट्रायथलॉन करायची. सरावातले काही दिवस मुद्दाम दमट जागी, किनाऱ्यावर काढायचे. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी कागदावर लिहायचं की काय झालं तर आपण थांबणार. चक्कर, थंडी वाजून येणं, पाय वेडेवाकडे पडणं. हे आदल्या दिवशी लिहायचं, कारण त्या क्षणी डोकं ठिकाणावर नसतं. तोच कागद सोबत आलेल्या माणसाच्या हातात द्यायचा.

गडावरून पंढरीला निघालेला वारकरी पहिल्याच दिवशी धावत सुटत नाही. कुठे पाणी, कुठे विसावा, कुठे मुक्काम, हे ठरलेलं असतं. कुणाला भोवळ आली तर दिंडी त्याला गाडीत बसवते आणि त्याची वारी बुडाली असं कुणी म्हणत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा निघतो. टेलर निब आणि लुसी यांनाही कुणी हरलेलं म्हटलं नाही. पुढच्या वेळी फीडवर मेडलचा फोटो दिसला तर लाईक जरूर करा, पण मध्येच थांबून घरी परत आलेल्या मित्रालाही एक फोन करा.