१९७५ च्या यादीतील कोरी ओळ

एखाद्या वर्षातील आवडते चित्रपट कोणते, असे चित्रपटशौकिनास विचारावे, तर पुष्कळदा १९७५ चे नाव पुढे येते. ‘दीवार’, ‘शोले’, ‘चुपके चुपके’ ही नावे ओठांवरच असतात. मराठी रसिक त्यांत तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेला, जब्बार पटेलांचा ‘सामना’ अभिमानाने जोडतो. या आवडीला आमची हरकत नाही. परंतु त्याच वर्षी २५ जूनच्या रात्री देशावर आणीबाणी लादली गेली, याचे विस्मरण होता कामा नये. आणीबाणीत गुलजार यांच्या ‘आंधी’वर बंदी आली. ठाकूरने केलेला गब्बरचा वध सेन्सॉरला रुचला नाही. ‘शोले’चा शेवट बदलावा लागला. अमृत नाहटा यांच्या ‘किस्सा कुर्सी का’च्या तर मूळ प्रतीच नष्ट करण्यात आल्या. तो चित्रपट चांगला की वाईट, हे ठरविण्याचा अधिकार प्रेक्षकांचा होता, सत्ताधीशांचा नव्हे. आवडनिवड हीदेखील स्वातंत्र्याचीच देणगी आहे. म्हणून १९७५ ची यादी करणाऱ्याने शेवटची एक ओळ कोरी ठेवावी. जे त्या वर्षी पाहू दिले गेले नाही, त्याची ती नोंद ठरेल.