माइकआधी भिंती ऐका

कर्जत-खालापुरात घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करू पाहणारा होतकरू गायक पैसे साठवतो ते माइकसाठी. कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन अशी खरेदी होते आणि हे सगळं मांडलं जातं गुळगुळीत गिलाव्याच्या, लादी घातलेल्या, रिकाम्या खोलीत. आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, दोष माइकला दिला जातो आणि पुढच्या खेपेला आणखी महाग माइक येतो. हा क्रमच उलटा आहे. घरच्या रेकॉर्डिंगचा दर्जा आधी खोली ठरवते, मग गाण्याची वेळ. माइकचा नंबर त्यानंतर लागतो.

आपल्याकडची नेहमीची १० बाय १० फुटांची खोली घ्या. तिच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ आणि ११२ हर्ट्झचे सूर घुमतात, आणि खोली चौरस असल्याने भिंतींच्या दोन्ही जोड्या तेच सूर उचलतात. यातला ११२ हर्ट्झचा सूर पुरुषी आवाजाच्या खालच्या पट्टीत येतो. त्याचा घुमारा खोलीच्या मधोमध सर्वांत जास्त असतो आणि गाणारा नेमका तिथेच उभा राहतो. भिंतीकडे अडीच फूट सरकलं की तो ओसरतो. याला पैसा लागत नाही. वरच्या सुरांचा घुमारा शोषायला गोधड्या आहेतच, पण त्या बहुतेकदा चुकीच्या जागी, माइकच्या मागे टांगल्या जातात. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, म्हणजे गाणारा आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. गोधडी त्या भिंतीवर हवी, तीही चार बोटं अंतर सोडून. शिवाय दोन वितींवरून एका वितीवर आलं की माइकपर्यंत थेट पोचणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. जवळून गाताना ‘प’ आणि ‘फ’ फुटतात. त्यासाठी मध्ये पॉप फिल्टर लावला की झालं.

गोधडी घुमारा शोषते, बाहेरचा आवाज मात्र अडवत नाही. पुण्याकडे निघालेल्या गाड्यांना कर्जतला घाट चढण्यासाठी जादा इंजिनं लागतात, खालापुरातून द्रुतगती मार्ग जातो, आणि पावसाळ्यात पत्र्याखाली दोन माणसांचं बोलणंही धड होत नाही. तरी गणपतीची गाणी रेकॉर्ड होतात ती आषाढ-श्रावणात, कारण ती भाद्रपदात हवी असतात. हे वेळापत्रक मागे नेणं हाच उपाय. गायन फाल्गुनातल्या सकाळी उरकावं. संध्याकाळ लग्नसराईत हळदीच्या डीजेची असते. कीबोर्ड आणि मिक्सिंगचं काम पावसात चालेल. कीबोर्डची वायर थेट संगणकात जाते, तिला पाऊस ऐकू येत नाही.

यावर पहिला आक्षेप सॉफ्टवेअरचा. पंख्यासारखा एकसुरी आवाज ते बऱ्यापैकी काढतं. पण खोलीचा घुमारा हा गाणाऱ्याच्याच आवाजाचा बनलेला असतो. तो सोलून काढताना मूळ आवाजही खरवडला जातो, आणि श्वास, ‘स’, ‘श’ यांना सॉफ्टवेअर कधी खरखर समजून बसतं. दुसरा आक्षेप असा की, गोधड्यांनी खोली मुकी होते आणि अशा खोलीत गाणाऱ्याला सूर लागत नाही. हा खरा आहे. पण हेडफोनमध्ये थोडा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, दिला की गाणारा सावरतो. रिव्हर्ब नंतर हवा तेवढा चढवता येतो, रेकॉर्ड झालेला उतरवता येत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: लोकलने मुंबईच्या स्टुडिओत जावं, तिथे तयार खोली आणि तयार कानाचा रेकॉर्डिस्ट दोन्ही मिळतात. ढोलकी-ताशासकट अख्खा ताफा एकत्र वाजवायचा असेल तर जरूर जावं. एकट्या गळ्यासाठी मात्र हे अपरिहार्य नाही. गायिका बिली आयलिशचा २०१९चा अल्बम तिच्या भावाच्या झोपायच्या खोलीत झाला आणि २०२० साली त्याला सर्वोत्कृष्ट अल्बमचं ग्रॅमी मिळालं. अनुभवी कान हवाच. पण स्वच्छ रेकॉर्ड केलेली फाइल मिक्सिंगसाठी त्याच्याकडे पाठवता येते. शिवाय मुंबईला जाऊ शकतो तो तरुण गायक. आगरी लग्नात धवले म्हणणारी म्हातारी धवलारीण किंवा ठाकरवाडीतला वयस्क गाणारा ताशी भाडं मोजणाऱ्या स्टुडिओत, काचेपलीकडच्या अनोळखी माणसासमोर मोकळा होईलच असं नाही. घरच्या स्टुडिओची खरी कमाई आहे ती अशा आवाजांसाठी. त्यांच्या घरी नेता येईल असा साधा माइक, सकाळची निवांत वेळ आणि पाठीमागे टांगलेली त्यांचीच गोधडी एवढ्यावर ते गाणं नीट उतरेल. महागडा माइक घ्यायचाच असेल तर तो त्यानंतर घ्यावा.