नळी फोडा, मग बोला

"माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?" असं विचारणाऱ्याशी मी हल्ली वाद घालत नाही. त्याला पायाचं सूप वाढतो.

बकऱ्याच्या पुढच्या पायाची नळी चोखून झाली की तिचं खालचं टोक नीट बघा. हाड एकच, पण टोकाला गुळगुळीत गोळे दोन, मधे खाच. दोन का? कारण ती नळी म्हणजे तळहाताची दोन हाडं जुळून झालेलं एक हाड. त्याखाली दोन बोटं आणि खूर म्हणजे त्या बोटांची नखं. बकरा जन्मभर नखांवर चालतो! सूप नको असेल तर स्वतःचा हात चाचपा. दंडात एक हाड, कोपराखाली दोन, मग मनगट, मग बोटं. कोंबडीच्या पंखात हाच क्रम. वटवाघळाच्या चर्मपरात हाच, देवमाशाच्या परातही हाच. यांना समजात अवयव म्हणतात. कामं निराळी, घडण एक, कारण पूर्वज एक.

यावर पंडितांचं ठरलेलं उत्तर येतं, "निर्मात्यानं एकच साचा वापरला." असं? मग शार्क आणि डॉल्फिनचं काय? दोघांना पोहायचंच आहे, पर बाहेरून सारखेच दिसतात. पण डॉल्फिनच्या परात दंड, मनगट, बोटं सगळं आहे आणि शार्कच्या परात कूर्चेच्या काड्या. म्हणजे काम एक तिथे साचे दोन आणि उडणं, पोहणं, धावणं, लिहिणं अशी चार कामं तिथे साचा एक! असल्या सुताराला तुम्ही घरचं कपाट तरी करायला द्याल का? नातं मान्य करा, कोडं तिथेच सुटतं. डॉल्फिन आपल्या भावकीतला, शार्क फार लांबचा.

"हे सगळं डार्विनवाल्यांनी जुळवलं," ही दुसरी थाप. या समजाततेची व्याख्या रिचर्ड ओवेननं १८४३ साली केली. डार्विनचं पुस्तक आलं १८५९ साली आणि हाच ओवेन त्याच्यावर तुटून पडला. साक्ष विरोधकाच्याच तोंडची आहे, आणखी काय हवं?

प्रत्यक्षदर्शी हवा! जानेवारी २०१८मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनला चूक ठरवलं. का, तर माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी लिहिलं नाही की सांगितलं नाही. हे गृहस्थ मुंबईचे पोलीस आयुक्त होते. बोटांचे ठसे, रक्ताचे डाग, डीएनए यांवर ज्या खात्याचे खटले उभे राहतात, त्याचा प्रमुख राहिलेला माणूस 'बघितलं कोणी?' म्हणतो! हा न्याय लावला तर रात्री एकट्यानं घर फोडणारा प्रत्येक चोर निर्दोष सुटेल.

भाषण विरून जातं, पुस्तकातलं पान गेलं की पिढी जाते. २०२३मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. उत्तर मिळालं, मुलांवरचं ओझं कमी केलंय, बारावीला आहेच. बारावीला कोणाला? जीवशास्त्र घेणाऱ्यांना! कॉमर्सला गेलेल्या पोरीला हात नाही? आर्ट्सच्या पोराला दंडात हाड नाही? मी कोण, कुठून आलो, या प्रश्नाचं उत्तर ज्यांना ओझं वाटतं, त्यांनी शिक्षणावर बोलूच नये.

आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा चर्मपर आणि देवमाशाचा पर शेजारी शेजारी छापलेले आहेत. शिक्षकहो, हे चित्र दोन मार्कांसाठी घोकून घेऊ नका. वर्गात पोरांना बाह्या वर करायला लावा आणि हाडं मोजून घ्या. एक, दोन, मग मनगट, मग बोटं. ज्याला साक्षीदार हवाय, त्याच्या खांद्यालाच तो लटकतोय.