विश्लेषण : ‘पीसीओएस’वर वजन घटवणे हाच उपाय? नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा सल्ला अपुरा का?

‘आधी वजन कमी करा, मग बघू.’ पाळी लांबते म्हणून दवाखान्यात गेलेल्या तरुणींना हा सल्ला हमखास मिळतो. शरीराचे वजन जास्त असेल तर तो योग्यच. पण कुपोषण आणि सिकलसेलशी झुंजणाऱ्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर तालुक्यातील चिंचपाड्यासारख्या गावात, मुळातच सडपातळ असलेल्या मुलीची पाळी चुकत असेल तर? अशा मुलीला ‘पीसीओएस’ असू शकत नाही, हा समज निदान लांबवतो.

पीसीओएस म्हणजे काय?

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम हा संप्रेरकांचा आणि चयापचयाचा विकार आहे. बहुतेक रुग्णांमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करते. हे वाढीव इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके जास्त बनवायला लावते. परिणामी बीज पूर्ण वाढत नाही आणि पाळी लांबते. चेहऱ्यावर राठ केस येतात, मुरमे वाढतात. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ खऱ्या गाठी नसतात; ती अर्धवट वाढलेली बीजकोशिका असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के महिलांना हा विकार असतो आणि त्यातील ७० टक्क्यांपर्यंत महिलांचे निदानच झालेले नसते.

सडपातळ मुलींनाही होतो का?

होतो. मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयोगटातील मुलींची पाहणी केली होती. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला. त्यातील सुमारे ७२ टक्के मुली स्थूल नव्हत्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ नुसार महाराष्ट्रात २३.४ टक्के महिलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त, तर २०.८ टक्के महिलांचे कमी आहे. म्हणजे एकच सल्ला सर्वांना लागू होणार नाही.

वजन कोणी आणि किती घटवावे?

भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे गेला की वजन जास्त मानले जाते. उंची १५५ सेंटिमीटर असेल तर ही मर्यादा साधारण ५५ किलो. त्याच उंचीला ४४ किलोपेक्षा कमी वजन म्हणजे कुपोषणाकडे झुकणारे.

वजन जास्त असलेल्यांना थोडी घटही उपयोगी पडते. ५ ते १० टक्के वजन उतरले की अनेकींची पाळी नियमित होऊ लागते. ७० किलोच्या महिलेसाठी हे साडेतीन ते सात किलो झाले. मात्र सडपातळ मुलीने उपाशी राहिल्यास उलटे होते. पुरेसे अन्न न मिळाल्यानेही पाळी बंद पडते आणि रक्तक्षय वाढतो.

जेवणात काय बदलायचे?

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पीसीओएससाठी कोणताही एक विशिष्ट आहार दुसऱ्यापेक्षा सरस ठरलेला नाही. महागडी पावडर किंवा ‘डिटॉक्स’ यांची गरज नाही. ज्वारीची भाकरी, भौगोलिक मानांकन मिळालेली नवापूरची तूरडाळ, पालेभाज्या, अंडी किंवा मासे हे ताट पुरेसे चांगले आहे. गोड चहा, बिस्किटे, शीतपेये आणि पाकिटातले पदार्थ कमी करावेत.

आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम करावेत. वजन उतरले नाही तरी स्नायू साखर वापरतात, त्यामुळे सडपातळ मुलींनाही फायदा होतो. शेतात दिवसभर राबणाऱ्या महिलेला मात्र वेगळ्या चालण्यापेक्षा पुरेसे जेवण आणि झोप यांची गरज अधिक असू शकते.

सिकलसेलचा संबंध कुठे येतो?

पीसीओएसमध्ये मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून वजन कितीही असले तरी साखर तपासावी लागते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ‘एचबीए१सी’ चाचणी सिकलसेल किंवा तीव्र रक्तक्षय असताना दिशाभूल करू शकते, कारण ती तांबड्या पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेली रक्ततपासणी जास्त विश्वासार्ह.

पाळी नियमित करणाऱ्या काही गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. सिकलसेलच्या रुग्णांना हा धोका आधीच असतो. त्यामुळे गोळी सुरू करण्यापूर्वी सिकलसेल कार्ड डॉक्टरांना दाखवावे आणि आपण वाहक आहोत की रुग्ण, हे स्पष्ट सांगावे.

वजन घटवणाऱ्या इंजेक्शनचे काय?

मौंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आली. ती स्थूलतेसाठी आहेत, सडपातळ पीसीओएससाठी नाहीत. उपचार सुरू असताना गर्भधारणा टाळावी लागते. वजन उतरताच बीजनिर्मिती सुरू होऊन अनपेक्षित गर्भ राहू शकतो, हेही लक्षात ठेवावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती घेऊ नयेत.

डॉक्टरांकडे कधी जावे?

• पहिल्या पाळीला तीन वर्षे उलटूनही दोन पाळ्यांतील अंतर ३५ दिवसांपेक्षा जास्त किंवा २१ पेक्षा कमी असेल.
• सलग ९० दिवस पाळी आली नसेल. गर्भाशयाच्या अस्तराच्या आरोग्यासाठी हे महत्त्वाचे.
• चेहऱ्यावर राठ केस किंवा मानेवर काळसर, जाड त्वचा दिसत असेल.

पाळी सुरू होऊन आठ वर्षे झाली नसतील तर केवळ सोनोग्राफीवरून निदान करू नये, असे मार्गदर्शक सूचना सांगतात. किशोरवयीन मुलींना सरकारी रुग्णालयांतील ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये मोफत सल्ला मिळतो. तिथे जाताना मागील सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा मोबाइलमध्ये किंवा वहीत लिहून न्याव्यात. निदानाची सुरुवात त्या तारखांपासूनच होते.