बॅनरवरचे पुढारी आणि बंद पडलेली शाळा



आज कडू बोलणार आहे. राग आला तर येऊ द्या. पण नुसत्या रागावर आपण किती चाललो आणि कुठं पोचलो, याचा हिशेब एकदा मांडलाच पाहिजे.

हल्ली तरुणांना नेतृत्वासाठी तयार करायचा एक धंदाच निघालाय. दोन दिवसांचं शिबिर. हॉल, फाईल, पेन, दुपारचं जेवण, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो. एक इस्त्रीवाला माणूस येतो आणि सांगतो, जग बदलतंय, तुम्ही बदला. आत्मविश्वास ठेवा. हसून बोला. साहेब, जग बदलतंय हे आम्हाला सांगता? मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा असतो. नवी मशीन आली की भरलेल्या बॉबिन आपोआप निघतात, रिकाम्या आपोआप बसतात. त्या काढणारी पोरं घरी जातात. जग बदलतं ते आधी आमच्या पोटावरून जातं, मग तुमच्या भाषणात येतं. त्या पोरांना घरी घालवताना कायद्यानं काय द्यावं लागतं, हे तुमच्या शिबिरात कुणी सांगत नाही. कसं सांगतील? त्यांना हसत हसत डबल पाळी करणारा गडी पाहिजे.

हे झाले त्यांचे. आता आपले.

आपल्याकडं पुढारी व्हायला दोन दिवससुद्धा लागत नाहीत. एक बॅनर पुरतो. वर बाबासाहेब, मधे साहेब, खाली पन्नास पोरांची मुंडकी. "युवा हृदयसम्राट". वय बावीस आणि सम्राट! कशाचा सम्राट रं बाबा? वॉर्डातल्या गटाराचं टेंडर कितीला गेलं ते तुला ठाऊक नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं एवढ्या मोठ्या शहराला निवडून दिलेला एक नगरसेवक नव्हता. तेव्हा हे सम्राट काय करत होते? साहेबाला तिकीट कधी मिळतंय याची वाट बघत होते.

आपली चळवळ रस्त्यावरची, तिला कागद कशाला, असं म्हणणारे मित्र आहेत. त्यांनी महाड नीट वाचावं. २० मार्च १९२७ आपल्याला तोंडपाठ आहे. पण त्याच्या आधी ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात पडून राहिला, तळं होतं तसंच बंद राहिलं. बाबासाहेब आणि त्यांच्या मागं हजारो माणसं चालत गेली, तेव्हा त्या मेलेल्या कागदाला पाय फुटले. पुढं सवर्ण कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ ला. ओंजळीनं पाणी प्यायचा दिवस एक, आणि त्याच्या मागंपुढं चौदा वर्षांची कागदाची लढाई. ओंजळ आपण चित्रात काढली. कागद विसरलो.

आता १९५६. बाबासाहेबांचं शरीर थकलेलं. धम्मावरचा ग्रंथ हातात, धम्मदीक्षा तोंडावर. अशा वर्षात या माणसानं मुंबईत एक शाळा काढली. राजकारणात उतरणाऱ्यांना शिकवणारी शाळा, ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स. ज्याच्या एका शब्दावर लाखो माणसं उठत होती, त्याला वाटलं की शिकल्याशिवाय राजकारणात पाऊल टाकू नये. ६ डिसेंबरला ते गेले. काही महिन्यांत शाळा बंद पडली. पुतळे उभे राहिले, गट उभे राहिले, गटांचे गट झाले. ती शाळा पुन्हा उघडा म्हणून किती जण उपोषणाला बसले?

शाळा नसल्याची किंमत काय पडते ते सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ ला देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यांच्या पोटात गेले. पूर्वी १०० कामगारांच्या कारखान्याला माणसं कमी करायची तर सरकारची परवानगी लागायची. आता ३०० च्या आत असाल तर लागत नाही. संप करायचा तर १४ दिवस आधी नोटीस. आणि त्याच संहितांत असंही लिहिलंय की प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं. एका हातानं ओरबाडलं, दुसऱ्या हातानं चिमूटभर टाकलं. ओरबाडलेलं मालकाच्या वकिलानं पहिल्या दिवशी वाचलं. चिमूटभर टाकलेलं कोण वाचणार? आमच्या खात्यात कुणाकडं नेमणूकपत्र नाही. कंत्राटदाराला विचारलं तर म्हणतो, मस्टरवर नाव आहे न्हवं? मस्टर दाखव म्हटलं तर म्हणतो, तुला वाचता येतंय का? येतंय. माझी शाळा सुटली, वाचणं सुटलं नाही.

१४ एप्रिलला डीजेच्या भिंतीसाठी गल्लीतून हजारांनी वर्गणी निघते. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. अर्जाला १० रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्याच गल्लीत ते १० रुपये कुणाच्या खिशातून निघत नाहीत.

अर्जबिर्ज म्हणजे कारकुनी, आम्ही विद्रोही आहोत, असं एक कवीमित्र मला म्हणाला. वा रे विद्रोही! गावगाड्यात दप्तर कुलकर्ण्याच्या हातात होतं. त्यात काय लिहिलंय ते आपल्या आज्या-पणज्याला वाचता येत नव्हतं. तो म्हणेल तिथं अंगठा, तो म्हणेल तेवढं देणं. अक्षरापासून आपल्याला तोडलं ते उगीच नाही. लिहिणारा राज्य करतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज दप्तर हातात घ्यायची संधी आलीय तर आम्हाला कारकुनीची लाज वाटते! कविता मीही लिहितो. पण कवितेनं पीएफ भरला की नाही ते कळत नाही.

मग करायचं काय? विहारात आठवड्याला एक संध्याकाळ, पाळीवाल्यांना जमेल अशी. पंधरा पोरंपोरी पुरेत. एकानं कायद्याचं एक कलम वाचायचं आणि आपल्या बोलीत सांगायचं. दुसरीनं बैठकीचं इतिवृत्त लिहायचं, पुढच्या वेळी वाचून दाखवायचं. वॉर्डाच्या कामाचा एक अर्ज दर महिन्याला गेलाच पाहिजे. जयंतीचा जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावायचा. जो स्वतःच्या वर्गणीचा हिशेब भिंतीवर लावत नाही तो महापालिकेला हिशेब कुठल्या तोंडानं मागणार? अध्यक्ष दर महिन्याला बदलायचा. बहिणीची पाळी आली की तिनं खुर्चीवर बसायचं आणि चहा पोरांनी करायचा.

आणि मोर्चा? मोर्चा काढायचाच. पण मोर्चातल्या प्रत्येकाला आपण काय मागतोय, कुठल्या कलमानं मागतोय आणि नाही मिळालं तर उद्या काय, हे सांगता आलं पाहिजे. एकट्या साहेबाला ठाऊक असेल तर साहेब रात्रीत विकला जातो. पाचशे जणांना ठाऊक असेल तर पाचशेंना विकत घ्यायला मालकाकडं पैसा पुरत नाही.

जो आपल्यासारखे दहा तयार करत नाही, तो नेता नव्हे, मुकादम. माणसं मोजून वरच्याला पुरवणारा.

तेव्हा दोस्तांनो, १९५६ ची ती शाळा सरकार उघडणार नाही, साहेब तर नाहीच नाही. विहाराची किल्ली कुणाकडं आहे ते आज विचारा. दिली तर आत बसा. नाही दिली तर पायरीवर बसा. वही उघडा, तारीख घाला, हजर असलेल्यांची नावं लिहा आणि ठराव क्रमांक एक लिहायला घ्या.