राजानें नांगर धरावा काय?

सत्ता ज्याच्या हातीं आहे त्यानें भाकर कोणाच्या कष्टाची खावी, हा प्रश्न आजकालचा नव्हे. सुमारें तेवीसशें वर्षांपूर्वीं चीन देशांत त्यावर मोठा वाद झाला. एका बाजूस हातानें शेत कसणारा उपदेशक होता आणि दुसऱ्या बाजूस त्या काळचा नामांकित पंडित. पंडितानें वाद जिंकला, असें शेंकडों वर्षें सांगण्यांत आलें. खरें काय तें वाचकांनीं आपल्या बुद्धीनें ठरवावें, म्हणून तो वाद आज येथें मांडीत आहों.

प्रथम त्या काळाची ओळख करून घेऊं. ज्यांचे समकालीन लेख हातीं आले आहेत, अशा चिनी राजघराण्यांत सर्वांत जुनें घराणें शांग यांचें. त्यांच्या दरबारीं बैलांचीं हाडें व कांसवाचीं कवचें तापवीत, पडलेल्या भेगांवरून कौल घेत आणि त्यांवर प्रश्न कोरीत. आन्यांगजवळ सांपडलेल्या अशा हाडांवर पाऊस पडेल काय, पीक साधेल काय, असे प्रश्न आहेत. म्हणजे कुणब्याप्रमाणें राजाचेहि डोळे आभाळाकडेच लागलेले असत! इ. स. पूर्वीं १०४६ च्या सुमारास चौ घराण्यानें शांगांना पदच्युत केलें. आपल्या या बंडाचें समर्थन करतांना चौ राजांनीं असें मत मांडलें कीं, राज्य ही स्वर्गानें दिलेली सनद आहे आणि राजा जुलमी झाला कीं ती सनद रद्द होते. हें मत त्यांनीं स्वतःच्या सोयीसाठीं काढलें. परंतु पुढें प्रत्येक राजास लोक त्याच मापानें मोजूं लागले.

इ. स. पूर्वीं ७७१ नंतर चौ राजे नांवापुरते उरले आणि मांडलिक आपसांत झुंजूं लागले. अशा धामधुमींत विचारवंतांचे अनेक पंथ निघाले. कन्फ्यूशियस (इ. स. पूर्वीं ५५१ ते ४७९) यानें रीतिभाति, वडीलधाऱ्यांचा मान आणि सज्जनांचा कारभार यांवर भर दिला. मोत्झू यानें खर्चिक उत्तरकार्यांना व परमुलखावरील स्वाऱ्यांना विरोध केला आणि शेतकरी किंवा कारागीर लायक असेल तर त्यासहि अधिकारपदावर चढवावें, असें सांगितलें. कायदेवाल्यांचा भरंवसा बक्षीस आणि शिक्षा या दोनच गोष्टींवर होता. या सर्वांबरोबर शेतीवाल्यांचा एक लहानसा पंथ होता. त्याचा पुढारी शू शिंग.

शू शिंग हा दक्षिणेकडील चू राज्यांतून तेंग नांवाच्या चिमुकल्या राज्यांत आला. तेथील राजानें त्याला राहावयास जागा दिली. त्याचे कांहीं दहापांच नव्हे, पण पुष्कळ अनुयायी होते. ते जाडेंभरडें वस्त्र नेसत आणि वाहाणा व चटया करून पोट भरीत. छन श्यांग नांवाचा एक विद्यार्थी कन्फ्यूशियसच्या पंथांत शिकलेला होता. तो भावासह खांद्यावर नांगर घेऊन तेंगला आला, शू शिंगचा उपदेश ऐकून भारावला आणि जुनी विद्या सोडून त्याचा शिष्य झाला. शू शिंगचें म्हणणें थोडक्यांत असें: खरा राजा रयतेबरोबर शेत कसतो, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतो आणि त्यासोबत राज्यहि चालवितो. ज्याचीं कोठारें रयतेच्या धान्यानें भरलेलीं आहेत, तो रयतेस नागवून जगतो.

हें छन श्यांगनें मेन्शियस या पंडितास सांगितलें. मेन्शियस मोठा वादपटु. त्यानें एकामागून एक प्रश्न विचारले. शू शिंग धान्य स्वतः पिकवितो, हें ठीक; पण त्याची टोपी, त्याचीं मडकीं, त्याच्या नांगराचें लोखंड हें सर्व तो स्वतः करतो काय? छन श्यांगला कबूल करावें लागलें कीं, या वस्तु तो धान्य देऊन घेतो, कारण त्या करीत बसल्यास शेती बुडेल. मेन्शियसनें लगेच पेंच टाकला: कुंभार व लोहार यांचें काम शेती संभाळून होत नाहीं, तर राज्यकारभार तेवढा नांगर धरून कसा होईल? यू राजानें महापुराचें पाणी वळविण्यासाठीं आठ वर्षें घराबाहेर काढलीं. त्याला पेरणीस सवड कोठून मिळणार? आणि यावरून त्यानें निकाल दिला कीं, कांहींनीं बुद्धीनें श्रम करावे, कांहींनीं शरीरानें. बुद्धीनें श्रमणाऱ्यांनीं राज्य करावें आणि शरीरानें श्रमणाऱ्यांनीं त्यांना पोसावें.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, या बोलण्याचा पहिला भाग खरा आहे, हें आपण मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे. ज्यांच्या घरीं बलुत्याची आठवण आहे, त्यांना एकाच्या कामावर दुसऱ्याचें काम कसें चालतें हें शिकवावयास नको. शू शिंगचें आणखी एक मत होतें. सारख्या लांबीच्या कापडाला सारखाच भाव असावा, म्हणजे बाजारांत लहान मुलासहि कोणी फसविणार नाहीं. हेतु चांगला, पण कसबी विणकराचें तलम कापड आणि ओबडधोबड कापड एका भावानें विकलें, तर चांगलें काम कोण करील? येथेंहि मेन्शियसचा आक्षेप बिनतोड होता.

परंतु दुसऱ्या भागांत पंडितानें हातचलाखी केली. कुंभार मडकें देतो आणि धान्य घेतो. म्हणून तो शेतकऱ्याचा धनी होत नाहीं. मडकें फुटकें निघालें तर शेतकरी तें परत करतो. मग राजा कारभार देऊन धान्य घेत असेल, तर तो धनी कसा? आणि कारभार फुटका निघाला तर तो परत करण्याचा हक्क रयतेस कां नसावा? मेन्शियसच्या पदरीं एवढें घातलें पाहिजे कीं, हा हक्क त्यानें इतर ठिकाणीं निम्मा तरी कबूल केला आहे. राज्यांत प्रजा पहिली व राजा शेवटचा, असें तो मानी. पेरणीकापणीच्या दिवसांत लोकांना वेठीस धरूं नये आणि प्रत्येक कुटुंबास पोटापुरती जमीन असावी, असेंहि त्यानें राजांना बजावलें. पण राजा जुलमी आहे हें ठरविणार कोण? तेथें मात्र नांगरधाऱ्याला बोलावणें नव्हतें.

या प्रश्नाचा निवाडा पुढें पोथींत न होतां रानांत झाला. पश्चिमेकडील छिन राज्यांत शांग यांग या कायदेवाल्या प्रधानानें इ. स. पूर्वीं ३५६ पासून नवे कायदे केले. शेती आणि लढाई हींच काय तीं खरीं कामें, असें त्यानें ठरविलें. धान्य व कापड जास्त करील त्याला वेठ माफ. मात्र पांच-पांच, दहा-दहा घरांचे गट बांधून शेजाऱ्याचा गुन्हा लपविणाऱ्यास कडक शिक्षा. शेतकऱ्याची एवढी किंमत केली खरी. पण ती बैलाची किंमत होती. या जोरावर छिननें इ. स. पूर्वीं २२१ मध्यें सर्व चीन जिंकला. त्याच्या पहिल्या बादशहानें वजनेंमापें, लिपि, गाडीच्या चाकांमधील अंतर हीं सारीं एक केलीं. हीं कामें निःसंशय मोठीं होतीं. पण रस्ते, तटबंदी, राजवाडा आणि स्वतःचें थडगें यांसाठीं त्यानें लाखों माणसें वेठीस धरलीं. इ. स. पूर्वीं २१३ मध्यें पुस्तकें जाळण्याचा हुकूम सुटला. वैद्यकाचीं, शकुनाचीं व शेतीचीं तेवढीं वगळलीं. शेतीचीं पुस्तकें वांचलीं, शेतकरी मात्र वेठींत मेला!

इ. स. पूर्वीं २०९ मध्यें नऊशें वेठकरी सरहद्दीकडे चालले असतां पावसानें वाटा बंद झाल्या. उशीर झाल्यास देहांताची शिक्षा होती. त्यांच्यांत छन शेंग नांवाचा पुढारी होता. तो पूर्वीं दुसऱ्याच्या शेतावर मजुरीनें राबलेला. राजेपण जन्मानें येत नाहीं, असें सांगून त्यानें व त्याचा सोबती वू ग्वांग यानें बंड उभारलें. दोघेहि लवकरच मारले गेले; परंतु वणवा पसरला, आणि इ. स. पूर्वीं २०६ मध्यें छिन घराणें बुडालें. दहा हजार पिढ्या टिकावें म्हणून स्थापिलेलें साम्राज्य पंधरा वर्षांत संपलें. इ. स. पूर्वीं २०२ मध्यें शेतकरी कुटुंबांत जन्मलेला ल्यू बांग बादशहा झाला आणि हान घराणें सुरू झालें.

धडा ताजा होता. हान राजांनीं जमिनीचा सारा उत्पन्नाच्या पंधराव्या हिश्शावर आणला आणि इ. स. पूर्वीं १५६ मध्यें तिसाव्या हिश्शावर. इ. स. पूर्वीं १७८ मध्यें वेन बादशहानें, राजानें स्वतः शेत नांगरण्याचा प्राचीन विधि पुन्हां सुरू केला. म्हणजे शू शिंगचें म्हणणें ऐकलें, असें वाटेल. पण पाहा: बादशहा नांगराला हात लावी तो वर्षांतून एकदां, समारंभापुरता. साऱ्याची सूट मिळाली ती जमिनीच्या मालकाला. जो कूळ म्हणून बड्यांची जमीन कसत होता, त्याला निम्में पीक धन्याच्या घरीं पोंचवावें लागे. ही तक्रार हान काळच्याच तुंग चुंगशू या पंडितानें दरबारांत लिहून दिली होती. विधि मात्र शतकानुशतकें टिकला. मिंग व छिंग बादशहांनीं नांगरलेलें शेत पेकिंगमध्यें आजहि दाखवितात.

तेव्हां राजानें नांगर धरावा काय? आमचें उत्तर असें: धरला नाहीं तरी चालेल, पण ज्याच्या धान्यावर तो जगतो, त्याला हिशेब देण्यास त्यानें बांधलेलें असावें. हिशेबावांचून धरलेला नांगर हा नुसता देखावा होय.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवा. शू शिंगचा स्वतःचा एकहि ग्रंथ उरलेला नाहीं. त्याचें मत आपणांस कळतें तें मेन्शियसच्या ग्रंथांतून, म्हणजे प्रतिपक्ष्याच्या तोंडून. त्याच्या बाजूचें आणखी काय बोलणें झालें असेल, तें लिहून ठेवणारा कोणी नव्हता. म्हणून घरांतील मुलगा असो वा मुलगी, तिला राजांच्या सनावळीबरोबर त्या राजाच्या वेळीं सारा किती होता, वेठ किती होती आणि हें कोणी लिहून ठेवलें, एवढें विचारावयास शिकवा. आणि आपल्या घरचा, आपल्या शेताचा, आपल्या धंद्याचा हिशेब आपल्याच हातानें लिहावयास लावा.