आधी बसायला जागा



मागच्या बैठकीत तालुक्याच्या गावी एक मोठे बंदिस्त सभागृह उभारण्याचा विषय मी काढला, तेव्हा मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, "भाऊ, कापसाले भाव भेटून नाही राह्यला, अन् तुमी नाटकघर मांगता काय?" सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय या विषयाला हात घालता येणार नाही.

सभागृह बांधल्याने कापसाला क्विंटलमागे एक रुपयाही जास्त मिळणार नाही. ज्वारीचा पेरा परत येणार नाही. सभागृहाने आत्महत्या थांबतील असे कोणी सांगू लागला, तर तो माणूस भोळा असेल, नाहीतर ठेकेदार. भाव आणि कर्ज यांचे भांडण आहे तिथेच आहे, ते आपण सोडणार नाही. पण ते भांडण करायला चार माणसांनी एकत्र बसावे लागते, आणि आपल्याला बसायला जागा नाही.

2018 सालची गोष्ट सांगतो. आदल्या हंगामात गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातला कापूस खाल्ला होता. पुन्हा तसे होऊ नये म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका तालुक्याच्या गावी आम्ही शिबिर ठेवले. कामगंध सापळे केव्हा लावायचे, डोमकळी कशी ओळखायची, ती तोडून अळीसकट नष्ट कशी करायची, हे पडद्यावर मोठी चित्रे दाखवून सांगायचे होते. त्यासाठी अंधार लागतो, वीज लागते, डोक्यावर छप्पर लागते. म्हणून एक मंगल कार्यालय भाड्याने घेतले. दीडशे-दोनशे माणसे आली, त्यांत चाळीसेक बाया होत्या. निंदण बुडवून, मजुरी सोडून आल्या होत्या. अकरा वाजता व्यवस्थापक आला आणि म्हणाला, दुपारी साक्षगंधाची पंगत आहे, बारापर्यंत हॉल मोकळा करा. आमचे भाडे त्याने परत दिले, तेवढा तो प्रामाणिक. आम्ही समोरच्या निंबाखाली गेलो, तिथे पाऊस आला. बाया एसटीने परत गेल्या. त्यांतली एक जाताना म्हणाली, "आमाले बसालेच जागा नाही, त आमी येऊ कायले?" डोमकळी त्या दिवशी कोणाला दाखवता आली नाही. कृषी पदवीच्या चार वर्षांत किडीचे जीवनचक्र तोंडपाठ झाले होते, पण ते कुठे बसून सांगायचे हे कोणी शिकवले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, सभागृहांना काय तोटा? गावोगावी आहेत की! आहेत. खासदार निधी डिसेंबर 1993 मध्ये सुरू झाला, आमदारांचाही निधी आहे, आणि या निधीतून सर्वात सोपे काम कोणते, तर सभामंडप आणि समाजमंदिर. एक या समाजाला, एक त्या समाजाला. कोनशिलेवर नाव, नारळ, फोटो. पुढच्या वर्षी जाऊन पाहा: दाराला कुलूप, आत कुटाराचे पोते, ओट्यावर बकऱ्या. किल्ली कोणाकडे, तर सरपंचाच्या पुतण्याकडे, आणि पुतण्या पुण्याला. संडास नाही, पंखा नाही, विजेचे बिल थकले म्हणून मीटर काढून नेलेले. या पैशांत इमारती झाल्या, पण जागा झाली नाही. आणि एका समाजाचे सभागृह दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही, हे मी वेगळे सांगायला नको. बोंडअळी वावरात शिरताना जात विचारत नाही.

आपला प्रस्ताव असा आहे. अकोला जिल्ह्यातून मूर्तिजापूर आणि अमरावती जिल्ह्यातून दर्यापूर, ही दोन गावे प्रयोगासाठी समोर ठेवावीत. दोन्ही कापसाची गावे, दोन्हींना आजूबाजूच्या खेड्यांची रोजची ये-जा. शंभर फूट लांब, साठ फूट रुंद, मध्ये खांब नसलेली, लोखंडी कैच्यांची एक इमारत. एका टोकाला हातभर उंच रंगमंच, बाजूला दोन खोल्या, बायांसाठी आणि पुरुषांसाठी स्वतंत्र, पाण्याची सोय असलेले संडास. खुर्च्या पक्क्या रोवायच्या नाहीत, हे महत्त्वाचे. खुर्च्या उचलल्या की त्याच जमिनीवर कबड्डी. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 मीटर बाय 10 मीटर असते, ते या जागेत आरामात बसते. सतरंज्या अंथरल्या की खंजिरी भजन, दंडार, कीर्तन. परीक्षेच्या दिवसांत रात्री दहापर्यंत दिवे चालू ठेवून पोरांना अभ्यासाला जागा. आणि हंगामात, खरेदी केंद्रावर कापसाचा ट्रॅक्टर रांगेत लावून जो माणूस थंडीत रात्र काढतो, त्याला पाठ टेकायला एक कोपरा.

छपराबद्दल थोडे जास्त बोलतो, कारण सरकारी इमारती तिथेच फसतात. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो. बुटक्या पत्र्याखाली तेव्हा माणूस भाजून निघतो, आणि पावसाळ्यात पत्रा इतका वाजतो की माइकवरचेही ऐकू येत नाही. म्हणून छत वीस फुटांच्या खाली नको, माथ्यावर गरम हवा निघायला फट हवी, पत्र्यावर दरवर्षी चुन्याचा पांढरा हात हवा. तुराट्यांचे तट्टे खाली ठोकण्याचा मोह होईल. थंड राहते हे खरे, पण वायरिंगची एक ठिणगी पुरे.

आणि तेच छत पाणी देते. सहा हजार चौरस फूट म्हणजे सुमारे 557 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस 750 मिलिमीटर धरला, तर या छतावर चार लाख लिटरांहून जास्त पाणी पडते. पाचवा भाग वाया गेला तरी सव्वातीन लाख लिटर उरते. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडाला लावता येत नाही, तिथे सव्वातीन लाख लिटर गोड्या पाण्याची किंमत कोणी मला समजावून सांगू नये. टाकी मात्र एवढी मोठी बांधणे परवडणार नाही. पन्नास हजार लिटरची बांधू, उरलेले विहिरीत सोडू.

खर्च? चौरस फुटाला बाराशे रुपये धरले तर 72 लाख. संडास, वीज, टाकी मिळून नव्वद लाखांच्या घरात जाईल. हा आमचा अंदाज आहे, इंजिनियरकडून तपासून घ्यायचा आहे. यातला अर्धा भार आपण उचलावा. दोन हजार कुटुंबांनी पंचवीस-पंचवीस किलो कापूस दिला तर पाचशे क्विंटल होतो. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये जाहीर झाला होता. त्या भावाने चाळीस लाख होतात. तो भाव हातात पडतो की नाही, हे वेगळे रडगाणे आहे. उरलेले पैसे बाजार समितीने द्यावेत. तुमच्या प्रत्येक क्विंटलवर ती सेस घेते, हे उपकार मागणे नाही.

बांधण्याआधी एक गोष्ट मात्र करून पाहावी. कापसाच्या या मुलखात बंद पडलेली जिनिंगे आहेत. उंच छपरे, मोठी अंगणे, गाड्या फिरतील एवढी दारे. एकाधिकार खरेदीची योजना 1972 मध्ये आली आणि तीस वर्षांनी संपली, पण ही छपरे उभी आहेत, आणि एकेक करून प्लॉट पाडून विकली जात आहेत. असे एखादे जिन एका हंगामासाठी भाड्याने घ्यावे, झाडून-पुसून काढावे, वायरिंग नवे करावे, आणि वर्षभर चालवून पाहावे. लोक आले तर बांधा. नाही आले तर नव्वद लाख वाचले.

चालवायचे कसे, यावर बैठकीत सर्वात जास्त वाद झाला आणि व्हायलाच हवा. लग्नांना भाड्याने दिले तरच दिव्याचे बिल आणि झाडणाऱ्या माणसाचा पगार निघेल. मंगल कार्यालयाचे भाडे किती, ते पोरीच्या बापाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्याच्या निम्म्यात देऊ, आचारी आणि भांडी ज्याची त्याने आणावी. पण एकदा लग्ने शिरली की ती सगळे सभागृह गिळतात, हे मी भोगले आहे. म्हणून आठवड्यातले दोन दिवस आणि रोजची संध्याकाळ लग्नांना बंद. यजमान कितीही मोठा असो. भरल्या लग्नसराईत संध्याकाळची पंगत अडवली तर चार पुढारी रागावतील. रागावू द्यावे.

मालकीचा प्रश्न आपल्याच मातीत एका माणसाने सोडवून ठेवला आहे. गाडगेबाबा शेणगावात जन्मले आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढले. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली, स्वतः नांगर धरला, आणि 1905 मध्ये घर सोडले. पुढे लोकांच्या पैशांतून मूर्तिजापूर, पंढरपूर, नाशिक, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांत आपल्या नातेवाइकांना थारा दिला नाही, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात 1914 मध्ये आखाड्यापासून झाली, आणि 1936 मध्ये त्याच आखाड्याची मुले बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आली. तेव्हा वऱ्हाडी माणसाला संस्था चालवता येत नाही, हे रडणे बंद करावे.

बाहेरचे एक उदाहरण देतो. 1870 नंतर अमेरिकेचे स्वस्त धान्य युरोपात उतरले आणि डेन्मार्कच्या शेतकऱ्याचे भाव पडले. त्याच काळात तिथल्या शेतकऱ्यांनी छोटे छोटे भाग विकून गावोगावी सभाघरे बांधली. तिथे व्याख्याने होत, कवायत होत असे, नाचगाणी होत. पहिली सहकारी दुग्धशाळा 1882 मधली, त्याच पिढीची. सभाघरामुळे दुग्धशाळा झाली असे मी म्हणणार नाही. पण जी माणसे एकमेकांसोबत नाचली होती, त्यांना एकमेकांचे दूध एका टाकीत ओतायला भीती वाटली नसावी.

आणि करमणुकीची लाज कशाला? जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी वऱ्हाडासह सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचे पॅकेज जाहीर केले. व्याज, सिंचन, बियाणे, असे रकाने होते. शेतकऱ्याच्या संध्याकाळचा रकाना नव्हता. दिवस बुडाल्यावर आपल्या गावात माणसाला जायला दोनच ठिकाणे उघडी असतात, पानठेला आणि दारूचे दुकान. बायांना तीही नाहीत. लग्न न जमलेली तिशीतली पोरे पारावर मोबाइलात डोके घालून बसतात, शेजारी शेजारी, न बोलता. ज्याचे कर्ज थकले तो पारावरही येत नाही. लोक विचारतील म्हणून येत नाही. त्याला बोलवायला गुरुदेव सेवा मंडळाची प्रार्थना आहे, पोळा आहे, भजन आहे. पण रोज जाता येईल, काही विकत न घेता बसता येईल आणि कारण सांगावे लागणार नाही, अशी जागा नाही.

म्हणून सभागृहाच्या दारावर कोणाचे नाव नको. आमदाराचे नको, दात्याचे नको, आपल्या संघटनेचा बिल्लाही नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेले विश्वस्त मंडळ असावे, त्यात निम्म्या बाया असाव्यात, तीन वर्षांनी सगळे बदलावेत, आणि किल्ली पगारी माणसाकडे असावी.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने एक कागद लिहून आणावा. आपल्या तालुक्यात बंद जिनिंगे किती आणि कोणाच्या मालकीची. कुलूप लागलेली समाजमंदिरे किती आणि किल्ली कोणाकडे. पंचवीस किलो कापूस द्यायला किती कुटुंबे तयार. आणि कामे आटोपून घरच्या बायांना संध्याकाळी किती वाजता बाहेर पडता येईल, तेही त्यात असावे. ही शेवटची वेळ त्यांना विचारूनच लिहावी.